तोतयेगिरी
दुसऱ्याचे नाव, अधिकार किंवा ओळख धारण करून लोकांची फसवणूक करणे, यास तोतयेगिरी म्हणतात. मराठ्यांच्या इतिहासातील तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे होय. पानिपतच्या लढाईत (१४ जानेवारी १७६१) भाऊ मारले गेले. तथापि त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनात संशय राहिला. त्यांची पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारले नाही. या संशयाचा फायदा घेऊन सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ असल्याचे सांगू लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्यास पकडून कैदेत टाकण्यात आले. पुढे १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून तो बाहेर पडला. त्याने फौज जमविली आणि कोकणातील अनेक किल्ले ताब्यात घेतले. महादजी शिंदे प्रभृतींनी त्याचा पराभव केल्यावर तो समुद्रमार्गे निसटला. परंतु आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यास चौकशी होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांनी या प्रकरणावर तोतयाचे बंड हे नाटक लिहिले.

तोतयाचे खरे बळ रूपसाम्यात नसून लोकांच्या आशेत, भीतीत व घाईत असते, हे या प्रकरणावरून दिसते. भाऊ परत यावेत अशी अनेकांची इच्छा होती. म्हणून केवळ नावाच्या जोरावर त्यास अनुयायी मिळाले.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने तोतयेगिरी करून ठकविणे हा स्वतंत्र अपराध मानला (कलम ४१६). ज्याचे सोंग घेतले ती व्यक्ती काल्पनिक असली, तरी अपराध घडतो. १ जुलै २०२४ पासून त्याऐवजी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९ लागू झाले.

संगणकयुगात माणसाची ओळख चेहऱ्याऐवजी क्रमांक व गुप्त संकेतशब्द यांवर ठरू लागली. त्यामुळे जिवंत माणसाचीही ओळख त्याच्या नकळत चोरता येऊ लागली. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘फिशिंग’ ही संज्ञा रूढ झाली. यात तोतया बँकेचे वा शासकीय कार्यालयाचे सोंग घेऊन संदेशाचा गळ टाकतो आणि गुप्त माहिती खुद्द मालकाकडूनच काढून घेतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेली कलमे ६६ क व ६६ ड अनुक्रमे ओळखीची चोरी व संगणकीय साधनांद्वारे केलेली तोतयेगिरी यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतात.

शिक्षा अपराधानंतरची असते. बचाव मात्र पडताळणीत आहे. समोरच्याने दिलेल्या दुव्यावर वा दूरध्वनी क्रमांकावर न विसंबता, पासबुकावर किंवा कार्डावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी. एकदाच वापरावयाचा संकेतांक (ओटीपी) कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास बँकेस व १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. विलंब झाल्यास रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरविली जाते व ती परत मिळणे कठीण होते.