भुंकणाऱ्या भित्र्याचा इलाज

कुत्र्यांचे 'नैसर्गिक उपचार' शोधायला बसलो आणि पोचलो थेट अप्पा बळवंत चौकात! तिथल्या आनंदाश्रम संस्थेने १८९४ साली पालकाप्य मुनींचा 'हस्त्यायुर्वेद' छापला. म्हणजे हत्तींचं वैद्यक. कथा अशी : अंगदेशाच्या रोमपाद राजाने रानातले हत्ती पकडून आणले. मुनी त्यांना शोधत आले, आधी खंगलेल्या हत्तींच्या जखमांना औषध लावलं आणि मग राजाने विचारलं तेव्हा शास्त्र सांगितलं.

गंमत म्हणजे याच पुण्यात १८८९ साली जनावरांच्या साथीच्या रोगांवर सरकारी प्रयोगशाळा निघाली होती. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला गेली.

पोथी काय किंवा सूक्ष्मदर्शक काय, दोन्हीकडे जनावर कामाचं. सुतळी बॉम्बला घाबरून पलंगाखाली शिरणाऱ्या कुत्र्याचा धागा मिळतो तो १९२४ साली, अमेरिकेत. मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला. भीती गेली. आज कुत्र्यांसाठी हेच करतात : आधी अगदी बारीक आवाज, सोबत खाऊ, मग थोडा मोठा.

एडवर्ड बाख यांचे १९३० च्या दशकातले फुलांचे थेंब अजून खपतात, पण माणसांवरच्या चाचण्यांत ते नकली औषधापेक्षा सरस ठरलेले नाहीत.

तेव्हा मंडळी, घाबरून भुंकणाऱ्यावर ओरडू नका. ते बिचारं फक्त "लांब राहा" म्हणतंय. आधी तेवढं अंतर द्या, बाकीचं शास्त्र नंतर. मुनींचाही क्रम तोच होता.