लेणी खरंच पांडवांनी एका रात्रीत कोरली का?

डोंगरात लेणी दिसली की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: वनवासातल्या पांडवांनी ती एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिलं. नाशिकच्या लेण्यांचं तर नावच ‘पांडवलेणी’ पडलंय. पण लेणी कोणी करवून घेतली, हे अनेकदा तिथल्या भिंतींवरच लिहिलेलं असतं.

भारतातली सर्वांत जुनी कोरीव लेणी बिहारच्या बराबर डोंगरात आहेत. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने ती आजीवक पंथाच्या साधूंना दान दिली. पुढच्या शतकात सह्याद्रीतही कोरीवकाम सुरू झालं. भाजे लेणी याच सुरुवातीच्या काळातली. बौद्ध भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहावं लागे. सह्याद्रीतला एकसंध बेसॉल्ट आणि घाटातून जाणारे व्यापारी मार्ग यामुळे इथे लेणी वाढत गेली.

लेणं बांधत नाहीत, कोरतात. कारागीर छतापासून सुरुवात करून खाली येत, त्यामुळे उंच परातीची गरज कमी पडे. पण एक घाव चुकला, तर दगड परत जोडता येत नसे. वेरूळचं कैलास लेणं असंच वरून खाली कोरलंय. आठव्या शतकातलं हे काम राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं मानलं जातं. अर्धवट राहिलेली लेणी, उदाहरणार्थ अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं, कामाची पद्धत आजही दाखवतात.

मग पैसा कुणाचा? फक्त राजांचा नाही. कार्ल्याचा चैत्य सुमारे ३८ मीटर लांब आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आणि सुतार सामी यांची नावं आहेत. अनेक खांब यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनी दिलेत. नाशिकला तर एक लेणं मुगुदास नावाच्या कोळ्याने दान दिलंय.

पांडवांची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यात या माणसांना जागा नाही.

पुढच्या वेळी लेण्यात गेलात, तर खांबांवरच्या आणि दारांजवळच्या या ओळी शोधा. ब्राह्मी वाचता आली नाही तरी चालेल. फक्त त्यांच्या शेजारी खिळ्याने स्वतःचं नाव कोरू नका. दोन हजार वर्षं टिकलेली अक्षरं एकदा खरवडली गेली, की परत मिळत नाहीत.