गतीचे छायाचित्रण : बहुविध फ्लॅशचे तंत्र आणि दादासाहेब फाळके यांचा ‘अंकुराची वाढ’ हा प्रयोग

प्रस्तावना

स्थिर चित्रात गती कशी दाखवावी, हा प्रश्न छायाचित्रणकलेला प्रारंभापासून पडलेला आहे. स्टुडिओत एकाच फिल्मवर फ्लॅश अनेकदा चमकवून हालचालीचे टप्पे टिपणे, हे त्याचे एक उत्तर होय. महाराष्ट्रात याच प्रश्नाला धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाद्वारे निराळे उत्तर दिले. या दोन्ही पद्धतींमागील समान तत्त्व आणि फाळके यांच्या प्रयोगाचे महत्त्व यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याच्या मार्गावर ओळीने कॅमेरे मांडून प्रत्येक टप्प्याचे स्वतंत्र चित्र घेतले. त्यानंतर फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ पासून एकाच काचेवर अनेक टप्पे उमटविण्याची पद्धत विकसित केली. काळ्या पार्श्वभूमीपुढून पांढऱ्या वेशातील मनुष्य चालत जाई आणि खाचा असलेली चकती भिंगाच्या वाटेत फिरत राही. येथे प्रकाश अखंड असे. त्याची वाट मात्र चकती ठराविक अंतराने उघडत असे.

१९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विद्युत स्ट्रोबोस्कोपचा विकास करून हा क्रम उलटविला. शटर उघडेच ठेवावयाचे आणि प्रकाशच खंडित करावयाचा, ही त्यांची रीत होती. त्यांच्याशी परिचय झालेल्या ज्योन मिली यांनी हे तंत्र स्टुडिओत आणून नर्तक, वादक व खेळाडू यांच्या हालचाली टिपल्या.

तंत्रामागील तत्त्व

या तंत्रासाठी अंधारी खोली व काळी पार्श्वभूमी आवश्यक असते. फ्लॅश प्रत्येक वेळी सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता चमकतो. त्यामुळे हालचाल त्या क्षणी गोठल्यासारखी दिसते. सेकंदाला दहा वेळा फ्लॅश चमकला आणि शटर दोन सेकंद उघडे राहिले, तर फिल्मवर वीस प्रतिमा उमटतात. पार्श्वभूमी उजळ असल्यास तिच्यावर वीसही वेळा प्रकाश पडून चित्र फिके होते. शरीराचा जो भाग स्थिर राहतो, तोही याच कारणाने अतिउजळ होतो. दोन प्रतिमांमधील काळ ज्ञात असल्याने त्यांच्यातील अंतरावरून वेग काढता येतो. म्हणजेच हे चित्र शोभेचे असते, तसेच मोजमापाचेही असते.

महाराष्ट्रातील प्रयोग

महाराष्ट्रात गतीचा शोध प्रयोगशाळेतून नव्हे, तर छायाचित्रकारांच्या व्यवसायातून सुरू झाला. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९६ मधील ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचे खेळ पाहिल्यानंतर इंग्लंडहून चलत्‌चित्रांचा कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले.

फाळके यांचा मार्गही असाच होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतल्यावर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रांचा स्टुडिओ चालविला. पुढे १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले. यंत्र हाती आले, परंतु कथापटासाठी भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून तिच्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची वाढ टिपून सुमारे एका मिनिटाचा ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला.

फाळके रोज एकच चित्र घेत, असे वारंवार सांगितले जाते. साधे गणित मात्र त्यास पुष्टी देत नाही. मूकपटाची गती सेकंदाला सोळा चित्रे धरली, तर एका मिनिटासाठी ९६० चित्रे लागतात. रोज एक याप्रमाणे महिन्याची तीस चित्रे दोन सेकंदांतच संपतील. एक मिनिटाच्या चित्रपटासाठी दिवसाला सुमारे ३२ चित्रे घ्यावी लागतात. केवळ बारा तासांच्या उजेडात ती घ्यावयाची झाल्यास दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. लोकप्रिय कथेत सांगितले जातात त्याहून हे श्रम कितीतरी अधिक आहेत.

हा लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहारे यांनी फाळके यांना कर्ज देऊ केले. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला.

निष्कर्ष

बहुविध फ्लॅशचे तंत्र डोळ्यांना न पकडता येणारी जलद गती एका चित्रात साठविते, तर फाळके यांच्या प्रयोगाने डोळ्यांना न जाणवणारी मंद गती अनेक चित्रांतून उलगडली. स्थिर कॅमेरा, नियंत्रित प्रकाश आणि समान कालांतर या अटी दोहोंतही सारख्याच आहेत. म्हणून ‘अंकुराची वाढ’ ही कथापटाची केवळ पूर्वतयारी न मानता गतीच्या छायाचित्रणातील स्वतंत्र प्रयोग मानणे योग्य ठरते. या प्रयोगास महागडी उपकरणे लागत नाहीत. हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्यासारख्या गावातील शाळेतही हळदीच्या कोंबासमोर कॅमेरा स्थिर ठेवून तो पुन्हा करता येईल. आवश्यकता आहे ती ठरलेल्या वेळी न चुकता चित्र घेण्याच्या चिकाटीची. भारतीय कथापटाचे पहिले भांडवल तिच्यातूनच उभे राहिले.