कुमारांच्या गाण्याचे संच

मध्य प्रदेशातल्या देवास गावी एक टेकडी आहे. तिच्यावरच्या देवीला तिथले लोक तुळजाभवानीच म्हणतात. पवारांचं मराठी संस्थान होतं ते. त्याच देवासला कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन राहायला गेले आणि १९९२ साली तिथंच वारले. मूळ नाव शिवपुत्र कोमकळी, जन्म १९२४ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे शिकले.

त्यांच्या गाण्याचे संच निघालेले आहेत. आधी तबकड्यांचे, मग कॅसेटींचे, पुढे सीडींचे. पण या संचांत राग एका कप्प्यात, निर्गुणी भजनं दुसऱ्यात, नाट्यगीतं तिसऱ्यात. दुकानदाराला ते सोयीचं, बरं का! ऐकणाऱ्याची मात्र दिशाभूल होते.

का, ते सांगतो. आजारात काही वर्षं गाणं बंद होतं. डॉक्टरांनी गायची मनाई केली होती. पण ऐकायला कोण मना करणार? दारावरून जाणाऱ्या बाया लग्नाची, पावसाची गाणी म्हणत. चार-पाच सुरांतच सारा खेळ. नाथपंथी जोगी भजनं गात येत. कुमारांनी या धुना टिपून ठेवल्या, आणि त्यांतल्या काहींत दडलेला राग त्यांना दिसला. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे त्यांचे राग असे निघाले. त्यांना ते ‘धुनउगम’ म्हणत. १९६५ सालच्या ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या पुस्तकात स्वरलिपीसह बंदिशी आहेत. शाळेत पेटी असेल तर शिक्षकांनी त्या जरूर वाजवून पाहाव्यात.

बरे होऊन गाऊ लागल्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. एक फुप्फुस निकामी, म्हणून तुकड्यातुकड्यांनी गातात, असं म्हटलं गेलं. दम कमी होता हे खरंच. पण माळव्याच्या धुना आणि त्यांचा ख्याल लागोपाठ ऐका. लहानशी तान टाकून चटकन थांबणं, मग रिकामी जागा सोडणं, हे त्या बायांच्या गाण्यातही आहे. ही सारी कमतरता छातीची, असं मला तरी वाटत नाही.

शिवाय संच बांधायची कल्पना कुमारांनी स्वतःच आधी राबवली होती. ‘गीतवर्षा’त सारा पावसाळा, ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास, मीरा, ‘मला उमजलेले बालगंधर्व’मध्ये नाट्यपदं. ‘गीतवर्षा’त माळव्याची लोकगीतं आणि मल्हार शेजारी शेजारी बसत. त्यांना कप्पे नकोच होते.

तेव्हा गुरुजी, वर्गात एकदा असं करा. गावातल्या एखाद्या आजीला बोलावून जात्यावरच्या चार ओव्या म्हणायला सांगा. तुळजापूरकडचा गोंधळी आला तर फारच उत्तम. मुलांना सूर मोजू द्या, किती निघतात ते फळ्यावर लिहा. त्यानंतर मालवती लावा. तो मोबाइलवर लावला तरी चालेल.