शस्त्रक्रियेपूर्वीचे अन्न

जठराच्या कर्करोगाचे निदान झाले, की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "शस्त्रक्रिया कधी?" त्यावर डॉक्टर जेव्हा सांगतात, की आधी दोन महिने औषध, त्याबरोबर पुरेसा आहार आणि मगच शस्त्र, तेव्हा मंडळींचा धीर सुटतो. मुलुंड-घाटकोपरहून रुग्णाला घेऊन परळच्या टाटा इस्पितळाकडे निघालेल्या आप्तांच्या तोंडी हीच तक्रार असते: गाठ पोटात वाढत असता हे कालहरण कशासाठी? याचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा खुद्द परळमध्येच कातला गेला आहे.

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना नगरीत थिओडोर बिलरोथ यांनी थेरेसे हेलर नामक ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा रोगग्रस्त भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्यास जोडले. बाई शस्त्रक्रियेतून वाचली, जेवू लागली. परंतु सुमारे चार महिन्यांत रोग उलटला व ती दगावली. डोळ्यांना दिसणारी गाठ शस्त्राने निघते, न दिसणारे बीज मागे राहते, हे त्या यशातच उघड झाले.

दुसरी अडचण कृशतेची. १९३६ साली अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या स्टडली नामक शल्यवैद्याने पोटातील जुनाट व्रणाच्या ४६ रुग्णांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन पंचमांशाहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी एक-तृतीयांश दगावले. इतरांत हेच प्रमाण शेकडा ३.५ होते. हा रोग कर्करोग नव्हता हे खरे. तथापि उपाशी देहावर शस्त्र चालविणे किती महाग पडते, हे त्या साध्या हिशेबाने दाखविले.

आता परळकडे वळू. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणारा घातक पांडुरोग हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. या स्त्रियांच्या आहारातच काही उणीव असावी असा तिला संशय आला. आणि यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माइट, दिल्याने रुग्ण सुधारतात हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. सनावळ्या पाठ करून घेण्याची आम्हां मास्तरांना खोड असते, म्हणून सांगतो: त्याच १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या द्रव्यसाहाय्याने, हाफकिन संस्थेपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर टाटा इस्पितळ उघडले.

मार्माइटमधील ते गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४५ साली आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. या द्रव्याने मुलांच्या रक्ताचा कर्करोग बळावतो असे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना दिसले. तेव्हा त्याच द्रव्याचा विरोधक वापरला तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या त्या विरोधकाने काही मुलांना तात्पुरता उतार पडल्याचे १९४८ साली जाहीर झाले. अन्नातील एका घटकाच्या अभ्यासातून असे औषध निघाले.

यावरून कोणी म्हणेल, मग रुग्णाला उपाशीच ठेवावे, म्हणजे गाठही मरेल! ही समजूत आजही पुष्कळ घरांत आढळते, आणि ती घातक आहे. एका द्रव्याचा नेमका विरोधक देणे निराळे आणि माणसाचे ताट काढून घेणे निराळे. उपासाने गाठ उपाशी राहत नाही. ती देहाच्या मांसातून आपला वाटा काढून घेते.

१९५७ साली हायडेलबर्गर यांनी ५-फ्लुओरोयुरॅसिल हे औषध निर्माण केले. जठराच्या कर्करोगावर ते आजही चालते, आणि त्याची पकड घट्ट व्हावी म्हणून फॉलिक आम्लाचाच एक भाऊबंद त्याच्या जोडीला शिरेतून देतात. २००६ साली ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या पाहणीत, शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर रसायनोपचार झालेल्यांपैकी शेकडा ३६ पाच वर्षे जगले. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २३. २०१९ साली जर्मनांनी याहून सरस मिश्रण सिद्ध केले. त्याच्या चार फेऱ्या आधी व चार नंतर, दर दोन आठवड्यांनी. ते दोन महिने येथून आले.

पण याच औषधाने मळमळते, तोंड येते, अन्नावरची वासना उडते. म्हणून आहार हाही उपचाराचाच भाग ठरला. युरोपातील पोषणतज्ज्ञांचे सांगणे असे, की रुग्ण फारच खंगला असेल तर ७ ते १४ दिवस पोषण द्यावे, त्यापायी शस्त्रक्रिया लांबली तरी चालेल. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलोच्या माणसास ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, साबुदाण्याच्या पेजेत जवळजवळ नाहीतच. आणि आपल्याकडे आजाऱ्यापुढे प्रथम येते ती पेजच! गाठीने वाट अडवली असेल तर नाकातून किंवा पोटावरून थेट आतड्यात नळी घालून अन्न देता येते. तेही न जमल्यास शिरेतून देण्याची युक्ती १९६८ साली फिलाडेल्फियाच्या डडरिक यांनी सिद्ध केलेली आहे. म्हणूनच प्रत्येक फेरीस आलेल्या रुग्णाला औषधाची बाटली लावण्याआधी वजनाच्या काट्यावर उभे करतात.