फळांच्या रानातला पहिला दिवस

अजून उजाडलेलं नाही. मच्छरदाणीपलीकडे काळोख आहे, आणि त्या काळोखात किड्यांचा आणि झाडबेडकांचा एवढा कल्लोळ की त्यानेच तुम्हाला जाग आली. हात सवयीने उशाशी जातो, मोबाइल शोधतो. तिथे सेलची विजेरी आहे, जड दुर्बीण आहे, एक वही आहे. विजेरीचा झोत भिंतीवर पडतो. दिनदर्शिकेवर जानेवारी 1968.

तुम्ही त्रिनिदादला आहात. दक्षिण अमेरिकेच्या खांद्याला लागून असलेलं हे बेट स्वतंत्र होऊन सहा वर्षंही झालेली नाहीत. काल रात्री पियार्को विमानतळावरून गाडी निघाली, अरिमा गाव मागे पडलं, मग डोंगरातला वळणावळणांचा रस्ता. दिव्यांच्या उजेडात फक्त पानं दिसत होती. त्यामुळे आपण कुठे येऊन झोपलो, हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. सहल कितीही दिवसांची असो, अशी पहाट तिच्यात एकदाच येते.

अनवाणीच तुम्ही व्हरांड्यात येता. साडेसहाच्या आत-बाहेर उजेड होतो तो भरभर. पायाखाली दरी उलगडते, तिच्यात धुक्याचे पट्टे, आणि धुक्यातून वर आलेली केशरी झाडं. पान एकही नाही, नुसती फुलं. तुमच्या तोंडून शब्द निसटतो, "पांगारा!"

शब्द फारसा चुकलेला नाही. ही पांगाऱ्याची सख्खी भावंडं. इथे त्यांना इमॉर्टेल म्हणतात. हे घर म्हणजे स्प्रिंग हिल, कोको, कॉफी आणि संत्र्या-लिंबांचा जुना मळा. कोकोला सावली लागते, म्हणून मळेवाल्यांनी ही उंच झाडं मुद्दाम लावली. कोकोचा धंदा पडला, मळ्यात रान परत शिरलं, पण पांगारे राहिले. कोरड्या दिवसांत सगळी दरी अशी पेटते.

त्याच पांगाऱ्यांवरून हातभराहून लांब पिशव्या लोंबताहेत. सुगरणीचं घरटं डोळ्यांपुढे आणा आणि ते तिप्पट मोठं करा. कावळ्याएवढा काळा पक्षी पिवळी शेपटी झळकवत फांदीवर येतो, पुढे वाकतो, इतका वाकतो की उलटा पडेल असं वाटतं, आणि घशातून पाणी ओतल्यासारखा गडगडाट काढतो. हा ऑरोपेंडोला.

व्हरांड्यासमोरच्या फळीवर कुणीतरी पिकलेली केळी आणि पपईच्या फोडी ठेवून गेलंय. तिथे आता रंगांची झुंबड आहे. जांभळा नर, पाय हळदीसारखे पिवळे. त्याच्या शेजारी पाचूसारखा हिरवा, डोकं काळं. मग बाकदार चोचीचा, पिवळ्या पोटाचा एक चिमुकला. "शिंजीर," तुम्ही म्हणता. नाही, हा बननाक्विट. वरच्या फांदीवर भलीमोठी चोच दिसते आणि तुम्ही "धनेश!" म्हणून दुर्बीण उचलता. तोही नाही, तो टूकन. कठड्याखालच्या फुलांवर भुंग्यासारखं काहीतरी तरंगतंय, वजनाने तीन ग्रॅमसुद्धा नाही, डोक्यावर नारिंगी तुरा. याच्यासाठी तुमच्याकडे जवळपासचंही नाव नाही. हमिंगबर्ड अमेरिकेच्या दोन खंडांत आणि त्यांच्या बेटांवरच असतात.

वीस वर्षं पक्षी पाहिलेल्या माणसाचं हे पहिल्या पंधरा मिनिटांत होतं. घरी पान हललं तरी तुम्ही नाव सांगता. इथे प्रत्येक नाव ओठांवर येऊन खोटं ठरतंय. टेबलावर हर्क्लॉट्सचं 1961 चं पुस्तक आहे. तुम्ही पानं उलटता, वर बघता, तेवढ्यात पक्षी बदललेला असतो. शेवटी तुम्ही पुस्तक मिटता. नाव माहीत नसलं की डोळे जास्त काम करतात. तेव्हा कुठे तुमच्या लक्षात येतं, की फळीवर असोत नाहीतर झाडांवर, इतक्या साऱ्या चोची फळांतच बुडाल्या आहेत.

---

न्याहारी होते न होते तोच वाटाड्या येतो. साठीचा माणूस, हातात कोयता, डोक्यावर फेल्ट हॅट. तुमचा चेहरा बघून तो थांबतो.

"इंडियातून? खुद्द इंडियातून?" त्याचं इंग्रजी गाण्यासारखं हेलकावतं. "माझा आजा तिकडून आला होता. जहाजातून."

आजा. तुम्ही तो शब्द पुन्हा म्हणायला लावता. इथे वडिलांच्या वडिलांना आजा म्हणतात आणि वडिलांच्या आईला आजी. गिरमिट्यांचं, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांचं, पहिलं जहाज 1845 मध्ये या बेटाला लागलं. ऊस आणि कोकोसाठी माणसं आणणं 1917 पर्यंत चाललं, बहुतेक गंगेच्या खोऱ्यातली. त्याची भोजपुरी आता तुटक झाली आहे, पण नाती शाबूत आहेत.

"चल बेटा," तो म्हणतो, "नाच बघायला उशीर नको."

वाट उतरते. कोकोची लालसर फळं थेट खोडाला चिकटून लटकलेली. हवा ओल्या मातीची आणि आंबूस फळांची. एकाएकी वर कुठेतरी लोखंडावर घण पडतो. ठण्! तुम्ही दचकून वर बघता. वाटाड्या हसून कानाला हात लावतो. पुन्हा तोच घण, आणि मग ठक्-ठक्-ठक् अशी रांग. घरचा तांबट उन्हात टुकटुक करतो, त्याचा हा थोरला भाऊ शोभावा, जणू तांब्याऐवजी ऐरण ठोकणारा. मान मोडेपर्यंत शोधल्यावर तो दिसतो. पांढुरकं अंग, तपकिरी डोकं, गळ्याखाली काळ्या दोऱ्यांची दाढी. हा बेलबर्ड. अख्ख्या दरीला ऐकू जाणारा हा पक्षी जेमतेम पारव्याएवढा आहे.

थोडं पुढे वाटाड्या बसायची खूण करतो. समोर काही बारीक उभी रोपं, आणि त्यांच्यामधली जमीन अंगण झाडल्यासारखी स्वच्छ. एक पानही नाही. झाडणारा येतो तो मुठीएवढाही नाही, काळा-पांढरा, गळ्याची पिसं दाढीसारखी पुढे काढलेली. मॅनाकिन. तो एका रोपावरून दुसऱ्या रोपावर उडी मारतो आणि प्रत्येक उडीला लवंगी फटाका फुटावा तसा आवाज होतो. तो आवाज गळ्याचा नाही, पंखांचा आहे. शेजारच्या अंगणात दुसरा सुरू होतो, त्याच्या पलीकडे तिसरा. क्षणभरात सगळी झुडपं तडतडायला लागतात. करडी-हिरवी मादी एका फांदीवर बसून पाहते आणि निघून जाते. नाच चालूच राहतो.

"हे दिवसभर करतात?" तुम्ही कुजबुजता.

"दिवसभर. बहुतेक वर्षभर."

मग खायचं कधी? याचं उत्तर याच खोऱ्यात सापडलंय. 1957 ते 1961 अशी वर्षं डेव्हिड स्नो हा इंग्रज पक्षीतज्ज्ञ इथे याच पक्ष्यांसमोर बसून होता. इथून जवळच सिमला नावाचं संशोधन केंद्र आहे, विल्यम बीबीने उभारलेलं. पोलादी गोळ्यात बसून समुद्रात अर्धा मैल खोल उतरलेला तोच बीबी. त्याच केंद्रासाठी स्नो काम करत होता. त्याने ताडून पाहिलं ते असं. किडे पकडणाऱ्याला दिवसभर पाठलाग करावा लागतो, कारण किड्याला जगायचं असतं. फळाला मात्र खाल्लं जायचं असतं, त्याखेरीज त्याचं बी लांब जाणार नाही. म्हणून ते समोर येऊन, रंग लावून उभं राहतं. इथल्या रानात बारा महिने कोणतं ना कोणतं झाड पिकलेलं असतं. पोट थोड्या वेळात भरतं. पिल्लांना मादी एकटीच वाढवू शकते. नर मोकळा होतो, आणि मोकळ्या वेळाचा तो नाच करतो. बेलबर्डचा घणही त्याच फुरसतीतून आलेला.

सकाळपासून तुम्ही जो रंग पाहताय आणि जो नाद ऐकताय, त्याच्या मुळाशी फळ आहे. तुम्हाला फळांनी लगडलेला घरचा उंबर आठवतो, त्यावरचे तांबट, हारीत, बुलबुल. तुम्ही तिथे फक्त पक्ष्यांची यादी केली होती. झाडाकडे पाहिलंच नव्हतं.

---

उन्हं कलतात तेव्हा तुम्ही घळीत उतरता. झरा खडकाच्या चिरेत शिरतो आणि तुम्ही त्याच्या मागोमाग, गुडघाभर गार पाण्यात. डोक्यावर आकाशाची एक पट्टी उरते, मग तीही जाते. आंबलेल्या फळांचा आणि विष्ठेचा उग्र वास. वाटाड्या विजेरी वर नेतो.

आणि अंधार किंचाळतो. घोगरी, फाटकी, खवळलेली किंकाळी, एकाची नव्हे, अनेकांची. खडकाच्या कंगोऱ्यांवर तांबूस, पांढऱ्या ठिपक्यांचे पक्षी दाटीने बसलेत. डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. एक सुटतो, जवळपास तीन फुटांचे पंख पसरून तुमच्या डोक्यावर क्षणभर तरंगतो. विजेरी विझते. आता त्या किंकाळ्यांच्या आड टिक्-टिक्-टिक् ऐकू येतं. वटवाघळासारखा हा पक्षी आवाजाच्या पडसादाने वाट काढतो, पण त्याची टिकटिक आपल्या कानाला ऐकू येते. हा ऑइलबर्ड. गावकऱ्यांनी या किंचाळीवरून याला दिआब्लोतीं, म्हणजे छोटा सैतान, असं नाव दिलं.

सैतान कसला? हाही फळंच खातो. रात्री बाहेर पडून ताडकुळातली आणि दालचिनीच्या कुळातली तेलकट फळं हवेतल्या हवेत तोडतो. त्यावर वाढलेलं पिल्लू इतकं लठ्ठ होतं की एका टप्प्याला आईबापांच्या दीडपट भरतं. तेच त्याच्या जिवावर बेतलं. हम्बोल्टने 1799 मध्ये पलीकडे व्हेनेझुएलातल्या कारिपेच्या गुहेत पाहिलं होतं, की लोक पिल्लं मारून, चरबी वितळवून तेल काढतात. या बेटावरही पिल्लांची शिकार होत आली.

ही घळ वाचली, कारण ती आसा राइट यांच्या मळ्यात होती. आइसलँडमध्ये जन्मलेली ही बाई नवऱ्यामागे एकटीने मळा सांभाळत राहिली, अभ्यासकांना घरात जागा देत राहिली. लोक इथे फक्त बघण्यासाठी येऊ लागले. त्यांच्यातल्याच काहींनी, पक्षीचित्रकार डॉन एकलबेरी त्यांत पुढे, पैसे उभे केले, आणि गेल्या नोव्हेंबरात, 1967 मध्ये, मळा रानासाठी राखून ठेवला गेला. ज्या घरात तुम्ही झोपलात, ते निसर्गकेंद्र म्हणून अवघ्या दोन महिन्यांचं आहे. बघायला येणाऱ्यांनी एक दरी वाचवली, आणि त्या रांगेत आज तुम्ही उभे आहात.

वाटाड्या पायाखाली झोत टाकतो. कडेच्या गाळात बियांचा खच, आणि त्यांतून उगवलेली रोपं, फिकट, उंच, पांढरी. उजेड नसल्याने ती मरणार. पक्षी गर खातो, बी थुंकतो.

"इथली मरतात," तो म्हणतो. "बाहेर पडलेली जगतात. बस थोडं, बेटा. आता निघतील."

तुम्ही घळीबाहेर दगडावर बसता. इथली संध्याकाळ रेंगाळत नाही, दिवा घालवावा तशी जाते. मग टिकटिक जवळ येते. पहिली सावली डोक्यावरून जाते, दुसरी, मग मोजता येत नाहीत. काळ्या आकाशात त्या पांगतात, कोस-कोस दूरच्या झाडांकडे. त्यांतलं कुणी आज रात्री एखाद्या उतारावर एक बी टाकेल.

उद्या कॅरोनीच्या खारफुटीत लाल शराटी बघायच्या आहेत. रात्री व्हरांड्यात कंदिलापाशी तुम्ही वही उघडता. यादी छोटीच आहे, निम्म्या ओळींपुढे प्रश्नचिन्हं. खाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिता: जानेवारी 1968, ताडाचं एक बी, जागा ठाऊक नाही.

तुम्ही आपल्या काळात परत जाल तेव्हा या वहीतला एकही पक्षी उरलेला नसेल. पण ते बी उजेडात पडलं असेल, तर त्या उतारावर एक जुनं झाड उभं असेल, आणि अंधार पडला की टिकटिक करत कुणीतरी त्याच्याकडे येत असेल.