परळचा 'बॉम्बे'

१९९५ साली बॉम्बेचं अधिकृतपणे मुंबई झालं. पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली. पण जगभरातल्या रक्तपेढ्यांमध्ये एक 'बॉम्बे' अजून तसाच आहे आणि तो बदला म्हणून कुणी मोर्चाही काढलेला नाही. हा आहे एक रक्तगट. सापडला परळला, आणि शोधणारी माणसं आपलीच. शाळेत ए, बी, एबी, ओ शिकून आपण मोकळे झालो, पाचव्याबद्दल कुणी बोललंच नाही. म्हणून हा वीकांत त्याच्या नावे.

१९५२. केईएम हॉस्पिटल आणि जी. एस. मेडिकल कॉलेज. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांच्यासमोर तीन माणसांचं रक्त होतं. नेहमीच्या तपासणीत गट यायचा ओ. पण ओ गटाचं रक्त यांना चालेना! त्यांच्या सीरममध्ये ए, बी आणि ओ, तिन्ही गटांच्या पेशींच्या गुठळ्या व्हायच्या. लंडनचे रूथ सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स हेही कामात सामील झाले, आणि त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापून आला.

आता हे होतं कसं? आपल्या भाषेत सांगायचं तर ही सरळसरळ डिपेंडन्सीची भानगड आहे. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्यूकोज नावाची एक साखर जोडली की तयार होतो 'एच'. हा पाया. ए गटवाल्यांचं एन्झाइम त्यावर एक साखर चढवतं, बीवाल्यांचं दुसरी. ओवाल्यांचं एन्झाइम काहीच करत नाही, त्यामुळे एच तसाच उघडा राहतो. म्हणजे ओ म्हणजे 'काही नाही' हे आपण समजतो ते चूक. ओ म्हणजे नुसता एच.

फ्यूकोज जोडायचं काम एफयूटी१ या जनुकाचं. ते १९व्या गुणसूत्रावर आहे. त्यातून बनणारं प्रथिन ३६५ अमिनो आम्लांचं. ते पेशीच्या आत, गॉल्जी नावाच्या भागाच्या पटलात रुतून बसतं आणि बाहेर जाणाऱ्या मालावर आपला शिक्का मारतं. चाकणच्या एखाद्या असेंब्ली लाइनवरच्या एका स्टेशनसारखंच. हे स्टेशन बंद पडलं की पुढच्या दोन्ही स्टेशनांना कामच उरत नाही. ए किंवा बीचं जनुक धडधाकट असलं तरी ते लावणार कशावर? १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांना अशी एक बाई सापडली, जी तपासणीत ओ दिसत होती पण तिने मुलीला बी दिला होता. बी होताच, फक्त दिसत नव्हता.

१९९० मध्ये एफयूटी१ हाती लागलं आणि मग बगही सापडला. भारतात सर्वात जास्त आढळणारा बदल जनुकाच्या ७२५व्या अक्षरात आहे: टीच्या जागी जी. त्यामुळे २४२व्या जागी ल्यूसिनऐवजी आर्जिनिन येतं आणि प्रथिन निकामी होतं. एवढ्या कोडमध्ये एक अक्षर! शेजारचं एफयूटी२ हे लाळेतल्या एचसाठीचं जनुक तर या लोकांमध्ये पूर्ण गायबच असतं.

भारतात साधारण १० हजारांत एक माणूस या गटाचा, युरोपात १० लाखांत एक. दोन्ही पालकांकडून बिघडलेली प्रत आली तरच हे होतं, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत शक्यता वाढते. एखाद्याचा गट बॉम्बे निघाला तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावाबहिणीचीही तो असण्याची शक्यता चारात एक. म्हणून आधी घरच्यांना तपासायचं.

गंमत म्हणा की क्रूर थट्टा, यांच्या पेशी ए, बी, ओ कुणालाही देता येतात (आरएच जुळत असेल तर). घेता मात्र फक्त आपापसात येतं. चुकून ओ दिलं तर शरीर त्या पेशी फोडत सुटतं, जीवही जाऊ शकतो. सुदैवाने रक्त चढवण्यापूर्वीच्या क्रॉसमॅचमध्ये हे लक्षात येतं. पण लक्षात आल्यावर रक्त आणायचं कुठून? लाल पेशी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात. दुर्मिळ गटाची पिशवी आपल्याकडे तयार असेल याची खात्री नाही. मग माणूस शोधायचा, फोन करून, गावोगावी.

आपल्या पिंपरी-चिंचवड, तळवडे, चाकण पट्ट्यात वर्षभर कंपन्यांमधून रक्तदान शिबिरं होतात. चहा-बिस्किट खाऊन, सर्टिफिकेट घेऊन आपण डेस्कवर परत. हजारो जणांच्या या रांगांमध्ये दोन-चार 'बॉम्बे' असणारच की! पण नुसत्या पेशी तपासल्या तर ते ओ म्हणूनच दिसतात. सीरमचीही उलट तपासणी ओ पेशींसकट केली, किंवा एच-विरोधी द्रव्य वापरलं, तरच खरं कळतं.

तेव्हा तुमच्या कार्डावर ओ लिहिलं असेल तर पुढच्या शिबिरात एकच प्रश्न विचारा: "सीरमची तपासणी ओ पेशींनी झालीय का?" बहुतेकांचं उत्तर 'तुम्ही ओच आहात' असंच येईल. पण एखाद्याचं वेगळं आलं, तर दूर कुठेतरी एका अनोळखी माणसासाठी फोन करायला एक नंबर वाढेल.